बर्फाच्या गाडीचा रंग

९ जानेवारी

तुला,

वर 'प्रिय' लिहिलं आणि खोडलं. मग 'अहो' लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. लग्न झाल्यापासून तुला अहो-जाहो केलं, ते तू घरात होतास म्हणून. आता घरात नाहीस, तेव्हा 'तू' बरं. शाईही कमी लागते.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते. कागदावर तसं होत नाही.

तुझा निरोप मिळाला. 'पिकअपला कोणी हात लावायचा नाही, माझं काम अर्धवट आहे.' अर्धवट हा शब्द तू स्वतःहून वापरलास, याचं कौतुक वाटलं. लोकांना ते कळायला तुझ्याबरोबर संसार करावा लागतो.

तर तुझ्या अर्धवट कामाचा मुक्काम सध्या कुठे कुठे आहे, ते ऐक. डावा दरवाजा शेडमध्ये, उजवा आपल्या खोलीत, पलंगाला टेकून, तुझ्या बाजूला. बॉनेट बोळात उभं आहे, येता-जाता कोपराला लागतं. बंपर जिन्याखाली. दिवे स्वयंपाकघराच्या माळ्यावर, पिठाच्या डब्यांमागे. आणि बाकीचा सांगाडा शेडमध्ये विटांवर. पुढची जाळी आणायला म्हणून तू शहरात गेलास. माणूस जाळी आणायला जातो तो संध्याकाळपर्यंत येतो. तुला तीन वर्षं लागली, आणि तरी जाळी नाहीच. वर मी ऐकते की तिथल्या जुन्या गाड्यांच्या क्लबात तुला सगळे 'सर' म्हणतात, आणि सर आपल्या वडिलांची गाडी स्वतःच्या हातांनी पुन्हा उभी करताहेत. कुठून रे? टपालाने?

मला शेड हवी आहे. ज्या प्रयोगशाळेत मी कवळ्या बनवत होते ती बंद झाली. दोघी-तिघी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरून करून दे, काम आम्ही पाठवू. दात बनवायला उजेड लागतो, टेबल लागतं. ते तुझ्या विटांवरच्या स्वप्नाने अडवलंय.

म्हणून मी भंगारवाल्याला बोलावलं. तो वाकून बघत होता, तेवढ्यात आई काठी टेकत आल्या. तुझ्या आईला तू ओळखतोस. "काय बघतोस?" "गाडी, आजी." "झाली बघून? मग नीघ." तो गेल्यावर मला म्हणाल्या, "ती इथून बाहेर जाईल, पण तुकड्यांनी नाही. स्वतःच्या चाकांवर जाईल. रंगवून."

मी म्हटलं, "आई, रंगवणार कोण?"

"दात रंगवतेस ना? मग हाही एक मोठा दात समज."

गाडी त्यांच्या नावावर आहे, तेव्हा परवानगीचा प्रश्न मिटला. तुला विचारण्यासाठी हे पत्र नाही. कळवण्यासाठी आहे.

तुझी कवळीवाली
(हे नाव तूच ठेवलं होतंस. मित्रांसमोर.)


६ फेब्रुवारी

तुला,

तुझं चार पानी पत्र आलं. दोन पानांवर तू दुखावला आहेस, दीड पानावर 'रिस्टोरेशन म्हणजे काय' यावर भाषण आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात आईंची तब्येत. तुझ्या मनातला क्रम यावरून मला कळला.

आधी एक चांगली बातमी. मेकॅनिक येऊन गेला. त्याने टाकी धुतली, तेल बदललं, नळ्या बदलल्या, खोकत खोकत इंजिन सुरू झालं. तो म्हणाला, इंजिन अगदी शाबूत आहे. साहजिकच. तू ते कधी उघडलंच नव्हतंस.

आता पत्र्याचं.

रंग काढायचं रसायन ब्रशने लावलं की थोड्या वेळाने जुना रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो, मग पात्याने खरवडायचा. हातमोजे घातले तरी बोटांची टोकं जळतात. सगळ्यात वर तुझा लाल, तू 'नमुना' म्हणून बॉनेटवर फासलेला. त्याखाली मामंजींनी शेवटी शेवटी मारलेला हिरवा, ब्रशने मारलेला. त्याचे केस अजून रंगात अडकलेले आहेत. त्याखाली मूळचा फिका निळा. उघडा पत्रा पहिल्यांदा दिसला तेव्हा मला फार बरं वाटलं. राखाडी, थंड, कुणाचीही बाजू न घेणारा.

मग मी मागच्या हौद्याकडे वळले.

आठवतं ना, तू दोन पावसाळे शेडचं दार आतून लावून बसायचास? 'पत्र्याचं काम चाललंय, कोणी यायचं नाही.' चहासुद्धा मी दाराबाहेर ठेवायचे. शेजारच्यांना सांगून ठेवलं होतं, मुलांना ओरडू देऊ नका, यांचं बारीक काम असतं. हौद्याच्या खालच्या कडा सगळ्या कुजल्या होत्या हे खरंच. त्या गाडीने जन्मभर बर्फाच्या लाद्या वाहिल्या. भुसा, मीठ, पाणी, सगळं तिथेच झिरपायचं. तो कुजका भाग कापून तू नवा पत्रा जोडलास, असं तू क्लबाच्या मासिकात सांगितलंस. फोटोही होता, हातात हातोडा घेतलेला.

माझं पातं डाव्या कोपऱ्यात लागलं आणि आत गेलं. सरळ आत. मी ओढलं, तर अंगठ्याएवढ्या जाडीचा पुट्टीचा पापुद्रा निघाला. त्यामागे माळ्याच्या खिडकीची जाळी. आणि जाळीमागे, पोकळी भरायला कोंबलेला, पिवळा फोम. ओळखीचा वाटला. मग ओळखला. सोफ्याची जी उशी हरवली म्हणून मी कामवाल्या बाईवर संशय घेतला होता, ती ही.

आमच्या धंद्यात असे डॉक्टर असतात. आत कीड तशीच ठेवून वर नुसतं सिमेंट भरतात, वर चकाकतं. पेशंट खूश होऊन घरी जातो. पण ते निदान उशी भरत नाहीत.

वेल्डर आला. त्याने फोम ओढून काढला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोमकडे पाहिलं, आणि जो हसत सुटला तो विटांवर बसलाच. "बाई, हे कुठल्या गाढवानं केलंय?"

मी म्हटलं, "आधीच्या मालकानं. आम्ही तशीच घेतली."

तुझ्यासाठी खोटं बोलले असं समजू नकोस. त्याच्यासमोर माझी लाज जायला नको म्हणून बोलले. आई मागे उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं, आणि आत निघून गेल्या.

दोन्ही कडा कापल्या, नवा पत्रा जोडून झाला. वेल्डरला वेल्डिंग करायला जेवढा वेळ लागला, त्याहून जास्त वेळ तू दार लावून आत बसायचास. इतका वेळ तू आत करायचास काय? हे मी खरंच विचारते आहे. उत्तर द्यायचं नसेल तर नको देऊस, पण भाषण नको.

कवळीवाली


११ मार्च

तुला,

उत्तर आलं. 'मला जमत नव्हतं आणि ते तुला सांगवत नव्हतं.' एवढं एकच वाक्य, आणि त्याखाली पानभर लाल रंगाची तरफदारी. वाक्य खरं वाटलं म्हणून दोनदा वाचलं. तरफदारी वाचली नाही.

लाल तू स्वतःला लावून घे. क्लबात लाल गाड्यांना बक्षिसं मिळतात तर मिळोत. इथे रंग आईंनी ठरवला. त्यांनी सांगितलं, "पहिला होता तो." तो उन्हाने सगळीकडे विटलेला. मग मी डॅशबोर्ड सोडवला, तर त्यामागे वीतभर पट्टी जशीच्या तशी होती, ऊन न लागलेली. फिका निळा, आणि त्यात अगदी किंचित हिरवट राखाडी. माणसाचे दात नुसते पांढरे नसतात तसा. रंगाच्या दुकानात मी तो खिडकीशी नेऊन, ढगाळ उजेडात, थेंब थेंब घालून जुळवून घेतला. दुकानदार कंटाळून म्हणाला, "ताई, एवढं कोण बघतंय?" मी म्हटलं, "तुम्ही बघू नका, तुम्ही ढवळा."

आता तुझ्या आईबद्दल. प्रायमर मारल्यावर पत्रा घासावा लागतो, पाण्यात भिजवलेल्या कागदाने, लाकडाचा ठोकळा धरून. कंटाळवाणं काम. मी सकाळी दात घासायचे, म्हणजे दुसऱ्यांचे, आणि दुपारी गाडी. एकदा दुपारी बघते तर आई स्टुलावर बसलेल्या, शेजारी बादली, बाह्या वर केलेल्या, आणि दरवाजा घासताहेत. गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या चढत नाहीत त्या. म्हटलं, "आई, राहू दे." म्हणाल्या, "बसल्या बसल्या तुझं तोंड बघण्यापेक्षा हे बरं."

तेव्हापासून रोज बसतात. प्रायमरवर मी डब्याच्या फवाऱ्याने काळ्या रंगाचा हलका धुरळा मारते. घासलं की उंच भागावरचा निघून जातो आणि खड्ड्यात काळा डाग राहतो. मी डाग बघून खड्डा शोधते. त्या डोळे मिटून तळव्याने शोधतात. "इथे बसलाय बघ," म्हणतात. आणि तिथे असतोच. त्यांना मोतीबिंदू आहे, तुला ठाऊक आहे का? नसेल. तू विचारलंस 'आईची तब्येत', आणि पुढे स्वल्पविराम देऊन दुसराच विषय काढलास.

एका दरवाजावर मात्र त्यांनी माझा जीव खाल्ला. ब्रशने पहिला हात मारला तर रंगात ठिकठिकाणी वाटाण्याएवढे डोळे पडले, रंग तिथून बाजूला पळायचा. पुसला, घासला, पुन्हा मारला, पुन्हा डोळे. कुठेतरी तेल लागलं होतं. मी विचारलं, "आई, डोक्याला तेल लावून हात लावलात का?" "मी? मी तेल सोडलंय." त्यांच्या वेणीतून वास घमघमत होता. शेवटी मी त्यांच्यासमोर साबण आणि टॉवेल ठेवला. त्यांनी हात धुतले, कोपरापर्यंत, ऑपरेशनला निघाल्यासारखे, आणि म्हणाल्या, "तेल नव्हतंच, पण तुझ्या समाधानासाठी."

खोटं बोलून वर उपकार करणं तू कुठून उचललंस, ते त्या दिवशी कळलं. फरक इतकाच की त्या नंतर चार दिवस विनातेलाच्या बसल्या, केस पिंजारलेले, आणि दरवाजा पुरा करूनच उठल्या.

कवळीवाली

पुढची जाळी मिळाली. कुठे, तर घरात. माळ्यावर, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, तुझ्याच अक्षरात 'जाळी – सरळ करणे' असं लिहिलेलं. वेल्डरने हातोड्याने सरळ केली. मग तू नक्की काय आणायला गेला होतास?


२८ एप्रिल

तुला,

रंग झाला. पण सरळ नाही झाला, म्हणून लिहायला उशीर.

शेवटचे हात मारायला मी एक पेंटर ठरवला होता. त्याला सगळे 'मास्टर' म्हणतात. आल्या आल्या त्याने मला आपल्या जुन्या कामांचे फोटो दाखवले, मग माझा प्रायमर बघून "लेडीजच्या मानाने चांगलंय" म्हणाला. मला तिथेच कळायला हवं होतं. या जातीचा माणूस मी घरात वागवलेला आहे. मी म्हटलं, आज हवा दमट आहे, उद्या मारू. तो म्हणाला, "बाई, हवा मी बघतो, तुम्ही चहा बघा."

त्याने रंगाच्या बंदुकीने बॉनेट मारलं. तासाभरात बॉनेटवर ताक सांडल्यासारखी पांढुरकी झाक आली, खालच्या कडेला रंगाचे ओघळ, आणि मधला भाग संत्र्याच्या सालीसारखा. मास्टर म्हणाला, "रंगच खराब आहे." मी म्हटलं, "मास्टर, बंदूक खाली ठेवा." म्हणाला, "म्हणजे?" आई स्टुलावरून म्हणाल्या, "म्हणजे चहा पिऊन नीघ."

तो गेल्यावर शेडमध्ये एकदम शांत झालं. मी त्या बॉनेटकडे बघत बसले. रडले वगैरे नाही. थिनरने डोळ्यांतून पाणी येतं, ते आलं.

मग ठरवलं, मीच मारायचं. भंगारातलं एक टमरेल आणि जुना पत्रा घेऊन आठवडाभर सराव केला. पहिले दोन दिवस मास्टरसारखंच झालं. मग हाताला कळलं: मनगट वळवायचं नाही, पूर्ण हात न्यायचा, पत्र्यापासून अंतर तेवढंच, आणि कडा ओलांडल्यावरच बोट सोडायचं. थांबलं की ओघळ. घाई केली की कोरडं. दातावर ब्रशने थर चढवताना श्वास रोखते, तसा इथेही रोखला. मास्क होताच तोंडावर.

बॉनेट घासून पुन्हा शून्यावर आणलं. कोरडं ऊन पडलं त्या दिवशी जमिनीवर पाणी शिंपडलं, धूळ बसली, खिडक्यांना ओले पडदे बांधले. कंप्रेसरचा पाइप लांब, तो मागे मागे फरफटत रंगाला लागतो. धरायला कोणीतरी हवं होतं. क्षणभर मागे वळून पाहिलं, सवयीने. मग आईंनी धरला. तोंडावर ओढणीसारखा रुमाल बांधून, काठी टाकून, एका हाताने भिंत धरून, माझ्यामागे पावला-पावलाने. एकदासुद्धा पाइप लागू दिला नाही. शेवटचा हात ओला असताना त्यात शेडचा दिवा दिसायला लागला, सरळ, न थरथरता. मी बंदूक खाली ठेवली. आई म्हणाल्या, "झालं?" म्हटलं, "झालं." म्हणाल्या, "मग मला आधी बसव कुठेतरी, पडेन मी."

आता वाळलाय, घासलाय, पॉलिश झालंय. शेडबाहेर काढली तेव्हा शेजारचे येऊन बघून गेले. मी तुला ऐकवण्यासाठी हे लिहीत नाही. सांगायला दुसरं कोणी नाही म्हणून लिहिते आहे. तशी सांगायला खूप माणसं आहेत. पण ही गाडी आधी किती वाईट होती, हे तुझ्याएवढं कोणाला माहीत असणार?

कवळीवाली


२० मे

तुला,

तू त्या दिवशी इथे होतास. पण तू आपल्याच बोलण्यात होतास, म्हणून काय झालं ते तुला सांगते.

तू येणार असं कळवलंस. 'येतो आहे, गाडी बघायची आहे, तुम्हालाही भेटेन.' तुम्हालाही. मी त्या दिवशी बरे कपडे घातले होते, हे तुझ्या नजरेला आलं आणि तू ओठातल्या ओठात हसलास. कामाचे कपडे धुवायला टाकले होते, म्हणून. आईंनीही सकाळी केस विंचरून घेतले माझ्याकडून. त्यांचेही कामाचे कपडे धुवायलाच होते.

तू आलास तो एका हॉटेलवाल्याबरोबर, गाडी त्याला द्यायचं परस्पर ठरवून. मागे त्याचा रिकामा ट्रक, गाडी चढवायच्या फळ्यांसह. तीन वर्षांनी आईच्या पाया पडायला वाकलास, तेही असं घाईत की त्यांचा हात तुझ्या डोक्यावर पोचेपर्यंत तू उभा राहिला होतास. हात हवेतच राहिला. मी पाहिलं.

मग तू गाडीभोवती फिरलास. मी दाराशी उभी होते. खरं सांगू? मी तुझं तोंड बघत होते. बॉनेटवरून बोटं फिरवलीस आणि तुझा चेहरा लहान मुलासारखा झाला. क्षणभरच. त्या क्षणी तू माझ्याकडे वळून एक शब्द बोलला असतास, कुठलाही, तर हे पत्र वेगळं असतं.

तू हॉटेलवाल्याकडे वळलास. "पत्र्याचं सगळं काम मी इथे असतानाच केलं होतं. हौदा पूर्ण नवीन. रंगाला घरच्यांनी थोडी मदत केली."

थोडी मदत. घरच्यांनी.

हॉटेलवाला म्हणाला, "उत्तम. हॉटेलच्या दारातच ठेवू. हौद्यात माती भरून फुलझाडं लावू, लोक फोटो काढतील." आणि तू मान डोलावलीस. ज्या हौद्याच्या पाण्याने कुजलेल्या कडा आम्ही कापून काढल्या, त्यात माती भरून तू रोज पाणी घालणार होतास. तुला ही गाडी कधी कळलीच नाही. तुला फक्त तिच्याबद्दल बोलता यायचं.

मी बोलणार होते. पण आई आधी उठल्या.

"ट्रक परत न्या," हॉटेलवाल्याला म्हणाल्या. "गाडी माझी आहे आणि मी ती देत नाही." मग मला: "किल्ली घे. चल."

"कुठे, आई?"

"स्टँडवर. याला सोडायचंय."

त्या काठी टेकत गेल्या, पुढचा दरवाजा स्वतः उघडला आणि आत बसल्या. मी स्टिअरिंगवर बसले. तू दरवाजाशी येऊन म्हणालास, "आई, सरक थोडी, तिघं मावू." त्या समोर बघत म्हणाल्या, "तू मागे."

तुला वाटलं गंमत आहे. मग कळलं, नाही. तू पांढऱ्या पँटमध्ये हौद्यात चढलास. आरशात तू दिसत होतास, एका हाताने कठडा आणि एका हाताने बॅग धरलेला. सिग्नलला शेजारच्या रिक्षातल्या बायका तुझ्याकडे बघून हसल्या. मी नाही हसले. मी गिअर बघत होते. तो अजून दुसऱ्यावर अडतो.

स्टँडवर तू उतरलास आणि विचारलंस, "आई, एवढं काय केलं मी?" त्यांनी मला हाताने 'चल' अशी खूण केली. मी गाडी वळवली. स्टँडवरून निघाल्यावर मीच विचारलं, "मागे का बसवलंत?" तेव्हा त्यांनी सांगितलं. तुला ठाऊक नाही, मलाही नव्हतं. मामंजींच्या गाडीत पुढच्या सीटवर गिऱ्हाईक बसायचं, नाहीतर मित्र, नाहीतर हिशोबाची पेटी. बाई मागे. बर्फावर, पोत्यावर. तुझ्या वेळी दिवस भरत आले होते, दवाखान्यात न्यायचं होतं, आणि पुढे मामंजींचे कोणी स्नेही बसले होते. "त्यांना उतरा म्हणायची यांची हिंमत झाली नाही. मी लाद्यांवर बसून गेले. कळा येत होत्या आणि खालून गार लागत होतं. सगळ्या गावात यांचं नाव होतं, केवढा दिलदार माणूस."

मी म्हटलं, "आई, मग ही गाडी तुम्ही भंगारात का नाही जाऊ दिलीत?"

"पुढे बसायचं होतं मला," त्या म्हणाल्या. आणि काच खाली केली.

त्या दिवशी आम्ही सरळ घरी नाही आलो. पेट्रोल भरलं आणि गावाबाहेर तळ्यापर्यंत जाऊन आलो. वाटेत त्यांनी एकदा डॅशबोर्डवर हात ठेवला, आणि काढून पदराला पुसला, तेल लागू नये म्हणून.

कवळीवाली


१७ जून

तुला,

तुझं पत्र आलं. या वेळी भाषण नाही, लाल रंग नाही, क्लब नाही. क्लबातल्यांना फोमची गोष्ट कळली म्हणतोस. मी सांगितली नाही. वेल्डर बोलका आहे, आणि गाडी पहिल्यापासून एकाच घरात आहे हे तुझ्या क्लबाला ठाऊक आहे. आता कोणी 'सर' म्हणत नाही, खोलीत एकटाच असतो, परत येऊ का, असं विचारतोस. 'तू म्हणशील तसा राहीन.'

पत्र मी आईंना वाचून दाखवलं. त्यांचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पण अक्षर अजून लागत नाही. 'एकटाच असतो' इथे त्यांनी मला थांबवलं आणि तेवढी ओळ परत वाचायला लावली.

मी म्हटलं, "तुमचं घर आहे, आई. तुम्ही बोलावलंत तर मी नाही म्हणणार नाही."

म्हणाल्या, "घर माझं आहे. मुलगाही माझा आहे. पण नवरा तुझा आहे ना. माझा असता तर मी बोलावला नसता."

मला वाटलं होतं, हे पत्र लिहायला बसले की राग येईल. तुझ्यावर रागावून लिहायची हाताला सवय झाली आहे. सकाळी कवळ्या घासताना मी वाक्यं जुळवून ठेवायचे. आज जुळवायला गेले तर एकही येईना. ते बघून मला भीती वाटली. राग असेपर्यंत तू घरात होतास.

तर उत्तर असं. परत येऊ नकोस. शेडमध्ये आता माझं टेबल आहे, खिडकीत उजेड आहे, कपाटात लोकांचे दात आहेत, प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी लावलेले. यात तुला बसवायला जागा करायची तर मला पुन्हा काहीतरी विटांवर चढवावं लागेल, आणि ते मी करणार नाही.

पण रविवारी आई तुला भेटायला येणार आहेत. त्यांनीच ठरवलं. तुला जेवायला काय करून न्यायचं हेही त्यांनीच ठरवलं, आणि ते मलाच करावं लागणार आहे. मी गाडी घेऊन येईन. त्या वर येतील; जिना असेल तर खाली येऊन हात दे, आणि या वेळी पाया पडशील तेव्हा त्यांचा हात डोक्यावर पोचेपर्यंत वाकून राहा. चहात साखर घालू नकोस, त्या घाल म्हणाल्या तरी. हवे तेवढे बोला. मी वर येणार नाही, गाडीतच बसेन. माझ्यासाठी खाली चहा पाठवायच्या भानगडीत पडू नकोस. पाठवलासच तर कपाला बशी दे. सीट नवीन आहे.

आणि तुझ्या दाराशी रस्त्याकडेला जागा मोकळी ठेव. स्वतः उभा राहून ठेव. भिंतीच्या बाजूला लावायला सांगशील आणि रंगाला ओरखडा जाईल, ते मला चालणार नाही.